हातावरचा विंचू आणि सरकारी चिकटपट्टी

मेट्रनबाईंनी माझा डावा हात मनगटाला धरून खिडकीकडे नेला, तेव्हा मला वाटलं नाडी बघतायत. नर्सच्या शिक्षणाला आलेल्या मुलींची तब्येत बघणारच, म्हणून मी श्वास शांत ठेवला. पण त्यांचं बोट नाडीवर नव्हतं. चार बोटं वर होतं.

"हे काय आहे?"

"विंचू."

"विंचू कशाला?"

एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या पोशीरच्या बाजूला बाईच्या हातावर विंचू का, असं विचारणं म्हणजे घागरीला तोंड का, असं विचारण्यासारखं होतं. "आत्याने गोंदवून घेतला," मी म्हणाले.

"आणि उजव्या हातावर? ही तुळस ना?"

"नाही. बोधिवृक्ष."

मेट्रनबाई चष्मा वर करून जवळून बघत राहिल्या. "कुंडीत?"

"हो," मी म्हणाले. होताच तो कुंडीत, नाही कशी म्हणणार.

त्या कुंडीतल्या बोधिवृक्षाची हकिगत अशी. मी सहा-सात वर्षांची असताना आमच्या गावात गोंदणारी बाई आली. बाबा नेरळला कामाला गेले होते, आई शेतावर. घरात आत्या आणि मी. आत्या विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली, आणि मुलीच्या जातीला काय काय हवं याची यादी तिच्याकडे तयार असायची. नाक तिने मी तीन वर्षांची असताना टोचवलं होतं, कानाला दोन्हीकडे तीन-तीन भोकं पाडून झाली होती. राहिलं होतं गोंदण. तिने माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि त्या बाईने एका बैठकीत कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर एक, डाव्या हातावर विंचू आणि उजव्यावर तुळशीवृंदावन काढून दिलं. मी एवढी ओरडले की शेजारची म्हातारी बघायला आली, आणि बसून तिनेही माझा एक पाय धरला.

त्यानंतर काही महिन्यांत आमच्या वाड्यातल्या सगळ्या घरांनी बौद्ध धर्म घेतला. छप्पन साल. बाबा वाड्यातले शिकलेले, चौथी पास. घरोघरचे देव टोपल्यात भरून नदीत सोडायला तेच पुढे. टोपली रिकामी करून घरी आले, हातपाय धुऊन बसले, आणि मी पाणी द्यायला हात पुढे केला तर समोर तुळशीवृंदावन.

"ताई, हे काय करून ठेवलंस गं?" बाबा आत्याला म्हणाले.

"तवा आपुन हिंदू होतो," आत्या म्हणाली.

"देव्हारा नदीत गेला. आता ही तुळस कुठं सोडू? पोरीला नदीत टाकू?"

"ते तू बघ. तू शिकलेला हायस."

बाबांनी दोन दिवस विचार केला. खोबरेल तेल आणि राख घासून बघितली, माझ्या रडण्याने थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, हा बोधिवृक्ष हाय. ह्याच्याखाली भगवान बसले होते." मी विचारलं, एवढ्याशा कुंडीच्या खाली कसे बसले. बाबा म्हणाले, "आता जास्ती बोलू नको."

विंचवाला धर्म नव्हता, म्हणून तो तसाच राहिला.

ही सगळी हकिगत मेट्रनबाईंना सांगण्यासारखी नव्हती. त्यांनी माझे हात सोडले आणि वहीत काहीतरी लिहिलं. निवड झाली, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावून चिकटपट्टीचं एक रीळ हातात दिलं.

"कामावर असताना दोन्ही हातांवर पट्टी. कपाळावरचा ठिपका टोपीखाली. हनुवटीला पावडर. नाकातलं, कानातलं सगळं काढायचं."

"का?" असं मी विचारलं. तेव्हा मला अक्कल कमी होती.

"गोंदण मळासारखं दिसतं. खेडवळ दिसतं," त्या म्हणाल्या. खेडवळ या शब्दात त्यांनी आणखी काय काय घातलं होतं ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मलाही ते उलगडून सांगायची गरज पडली नाही. पण मग त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "हे बघ. मी या कामात आले तेव्हा माझ्या घरात तीन महिने माझ्याशी कुणी बोललं नाही. परक्या पुरुषांची अंगं पुसणारी बाई म्हणतात लोक आपल्याला. तुम्ही इतक्या स्वच्छ दिसा, की बोलायला कुणाला जागाच राहू नये."

त्या दुष्ट नव्हत्या. त्यांना आम्ही सगळ्या जणी कोऱ्या कागदासारख्या हव्या होत्या, इतकंच. अडचण अशी, की आम्ही सतरा जणी आधीच लिहिलेल्या आलो होतो. माझ्यासारखीच अलिबागकडची एक होती, तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. तिला पट्ट्या लावल्या की ती भाजलेल्या रोग्यासारखी दिसायची. एकदा खरोखरच वॉर्डात एका म्हातारबाबांनी तिला आपल्या खाटेवर बसायला जागा दिली.

नाकाचं प्रकरण जास्त चिघळलं. चमकी काढली की भोक बुजतं, आणि सुट्टीत घरी बुजलेलं नाक घेऊन गेलो तर घरची माणसं डोळे पुसणार. म्हणून आम्ही कडुलिंबाची बारीक काडी नाकात घालून ठेवायला लागलो. ती दिसायची नाही, असं आम्हाला वाटायचं. एका सकाळी मेट्रनबाई रांगेसमोरून चालत गेल्या आणि माझ्यासमोर थांबल्या.

"नाकात काय आहे?"

"काडी."

"दागिने काढायचे सांगितलं होतं."

"काडी दागिना नाही बाई. झाड आहे."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. मेट्रनबाईंनी मला आठ दिवस बेडपॅन धुवायला लावलं. मी कडुलिंबाचे औषधी गुण सांगायला निघाले होते, पण आठाचे पंधरा होतील म्हणून गप्प बसले. काडी त्या दिवशी काढली. भोक बुजलं ते बुजलं. पुढे लग्नात मला दाबाची नथ घालावी लागली आणि पंगतीत ती वरणात पडली, पण तो विषय वेगळा.

शिक्षण संपल्यावर माझी नेमणूक खालापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात झाली. शिळफाट्याला एस.टी. बदलून जावं लागायचं. केंद्रात एक तरुण डॉक्टर, एक कारकून, एक औषधं देणारे, एक आया आणि मी. मेट्रनबाई आता शेकडो मैल नसल्या तरी पुष्कळ लांब होत्या. पट्ट्या काढून टाकायला काही हरकत नव्हती. पण तीन वर्षांची सवय, आणि खरं सांगायचं तर धास्तीही. नवीन नोकरी, नवीन गाव, त्यात आमचं घर कुठलं, कोण, हे विचारल्याशिवाय लोक पाण्याचा तांब्या पुढे करत नव्हते. गोंदण उघडं ठेवून आणखी एक प्रश्न कशाला ओढवून घ्यायचा. मी रोज सकाळी अंघोळ करून दोन पट्ट्या लावायची आणि कामावर जायची.

आता गावातल्या बायका या मेट्रनबाई नव्हत्या. त्या विचारायच्या.

"बाय, हाताला काय झालं?"

पहिल्या महिन्यात मी सांगितलं, भाजलं. भाजलेलं कधीतरी बरं व्हायला हवं. पुढे मी सांगितलं, गळू झालंय. मग मांजर चावलं. ज्या दिवशी जे सुचेल ते. एखादं खोटं एकदा ठरवून तेच सांगावं, एवढी शिस्त मला नव्हती, आणि गाव एवढं लहान आहे हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी तीन बायका विहिरीवर एकमेकींना भेटल्या. एकीला मी भाजल्याचं सांगितलं होतं, एकीला गळवाचं आणि एकीला मांजराचं. तिघींनी आपापलं मांडलं. भाजलं, पिकलं, चावलं, आणि वर्षभर पट्टी सुटत नाही. त्यातून त्यांनी जो निष्कर्ष काढला तो मी त्यांच्या जागी असते तर मीही काढला असता.

त्यांनी ठरवलं, नर्सबाईला महारोग झालाय.

मला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही. एवढंच दिसलं की सोमवारी लस टोचून घ्यायला कुणी आलं नाही. मंगळवारी एक बाई पोराला घेऊन आली, मी सुई भरली तशी पोर उचलून निघून गेली. बुधवारी एका घरी बाळंतपणाला बोलावणं यायचं होतं, दिवस भरले होते, पण त्यांनी गावातल्या सुइणीला बोलावलं आणि माझ्याकडे निरोपही नाही. मला वाटलं, जात कळली. आधी माहीतच होती की, पण आता कुणाच्या तरी डोक्यात शिरली असेल. मी डॉक्टरांना काही बोलले नाही. रागाने दोन दिवस सगळी हत्यारं उकळत बसले. त्या आठवड्यात आमच्या केंद्राइतकी निर्जंतुक कात्री अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

शेवटी आयाने सांगितलं. ती गावचीच, पोक्त बाई. दाराशी उभी राहून म्हणाली, "सिस्टर, रागावू नका. तुमाला रक्तपिती झाली असं बोलतात समदे. तालुक्याला अर्ज गेलाय."

"कुणी केला अर्ज?"

"समद्यांनी. मीबी अंगठा दिलाय," ती म्हणाली. "सगळे देत व्हते म्हणून दिला."

मी उकळायला ठेवलेलं पातेलं खाली उतरवलं. खरं तर ती आली आणि सांगितलं, हेच पुष्कळ होतं.

आमच्या भागात कुष्ठरोगाचं काम बघणारे एक तंत्रज्ञ होते. सायकलवरून वाड्यावाड्यांना फिरायचे, मागे चामड्याची पिशवी. लोकांना तपासून गोळ्या द्यायचे. माणूस कामाला वाघ, फक्त जगातल्या प्रत्येक कातडीकडे ते चट्टा शोधायच्या नजरेनेच बघायचे. शुक्रवारी ते तालुक्याचा कागद घेऊन केंद्रात आले. त्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या रोग्यांनाही गोळ्या घ्यायला बोलावलेलं होतं, म्हणून बाहेरच्या बाकावर चार-पाच जण बसले होते. डॉक्टर कुठल्या तरी शिबिराला गेले होते. तंत्रज्ञ म्हणाले, "डॉक्टर येईपर्यंत बाहेर बसा सिस्टर. नियम सगळ्यांना सारखा."

मी माझ्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात रोगी म्हणून उभी राहिले. बाकावर जागा नव्हती. तेव्हा एक वयस्क शेतकरी, ज्यांची बोटं आखडलेली होती, ते सरकले आणि बाकावर हात आपटून म्हणाले, "बस बाय. इथं बस."

मी बसले. ते समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नको. लवकर गोळ्या चालू केल्या तर कायपन होत नाय. मी उशीर केला, म्हणून बोटं गेली. घरी सांगितलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"नको सांगू इतक्यात. आधी आपलं आपल्याला सोसू दे."

मला सांगता आलं असतं, की काका, मला काही झालेलं नाही. जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य त्या बाकावर बसून मी बोलले असते तर ते कसं लागलं असतं, हे मला त्या क्षणी समजलं. मी नुसती मान हलवली. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले, पण गप्प बसून बोललेलं हे एकच, आणि त्याची मला लाज वाटली नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची वाटली. आत गेल्यावर मी सुटणार आणि ते बाकावरच राहणार, याचा मला मनातून आनंद होत होता.

डॉक्टर आले. मला आणि तंत्रज्ञांना आत घेतलं, दार लोटलं. तंत्रज्ञांनी माझ्या डाव्या हाताची पट्टी सोडवली आणि त्यांचा चेहरा उजळला.

चार वर्षं पट्टीखाली राहून ती कातडी पांढरी फटक पडली होती. बाकी हात सावळा, आणि मधे चौकोनी पांढरा चट्टा, कडेला पुरळ. कुष्ठरोगाच्या पुस्तकात काढलेलं चित्र असावं तसा. फक्त त्या चट्ट्याच्या मधोमध एक विंचू नांगी वर करून बसलेला.

"फिकट चट्टा," तंत्रज्ञ म्हणाले आणि लिहायला लागले.

"पुढची तपासणी करा," डॉक्टर म्हणाले.

"डोळे मिटा. कापसाचा स्पर्श झाला की बोट लावून दाखवा."

मी डोळे मिटले. कापूस लागला, मी बोट लावलं. पुन्हा लागला, पुन्हा लावलं. दहा वेळा. शेवटी ते टाचणी घेऊन आले. "दुखलं?"

"हो."

"आता?"

"हो. आधीपेक्षा जास्त."

"इथे?"

"साहेब, तो विंचू आहे, तुम्ही त्याला किती टोचाल?"

डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. तंत्रज्ञांनी कोपराजवळची शीर चाचपून बघितली, कानाच्या पाळ्या बघितल्या, तीन-तीन भोकं मोजली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नाही. रोग नाही." एवढ्या सुंदर चट्ट्यात काही निघू नये याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

"मग ही पट्टी का लावता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. मेट्रनबाई, रीळ, मळ, सगळं. डॉक्टर मुंबईत शिकलेले, रागावले की इंग्रजीत जायचे. मराठीत आल्यावर त्यांनी सांगितलं, "आजपासून पट्टी बंद. दिवसभराची मळलेली चिकटपट्टी लावून बाळंतपणं करताय, कळतंय का? त्या विंचवापेक्षा त्या पट्टीत जास्त जंतू आहेत."

हे मात्र मला खरोखर लागलं. हत्यारं उकळण्याचा मला एवढा अभिमान, आणि पट्टी मी कधी उकळली नव्हती.

त्याच दिवशी मी उघड्या हातांनी बाहेर आले. अर्जावर अंगठे देणाऱ्यांपैकी अर्धी माणसं कुंपणापाशी उभी होतीच. आयाने माझा हात धरून सगळ्यांना फिरवून दाखवला, जसं काही तिनेच मला बरं केलं. एक बाई म्हणाली, "इंचू हाय व्हय? आमाला काय म्हाईत? लपवायचं कशाला त्ये?" दुसरीने स्वतःची बाही वर करून आपला विंचू माझ्या विंचवाशेजारी धरला. मग तिसरीने. व्हरांड्यात विंचूच विंचू झाले. सोमवारी लशीला रांग लागली. माफी कुणी मागितली नाही, एका घरून मात्र पडवळं आली.

डोंगरावरच्या वाड्यांवर मात्र माझ्या विंचवाचं कौतुक झालं नाही. महिन्यातून एकदा मी तिकडे गरोदर बायकांना तपासायला चढून जायची. एका वाडीवर एक म्हातारी होती, सुईणही तीच आणि गोंदणारीही तीच. तिची बोली मला अर्धी कळायची, पण हात बघून तिने जे तोंड केलं ते पूर्ण कळलं. तिने काडीने पाय मोजून दाखवले. एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन.

"विंचवाला आठ," तिच्या सुनेने मला समजावून सांगितलं. "ती बोलते, हे झुरळ हाय."

इतकी वर्षं हा प्राणी माझ्या हातावर होता आणि मी कधी त्याचे पाय मोजले नव्हते. म्हातारीने दोन पाय काढून द्यायची तयारी दाखवली, लगेच, तिथल्या तिथे. मी सुई कुठली आहे ते बघितलं आणि म्हणाले, आत्ता कामावर आहे. ती प्रत्येक महिन्याला विचारायची आणि मी प्रत्येक महिन्याला कामावर असायची.

मग मेट्रनबाई आल्या. त्यांना बढती मिळाली होती आणि आमच्या भागाची तपासणी आता त्यांच्याकडे होती. जीपमधून उतरल्या, रजिस्टरं बघितली, लशींची पेटी बघितली, सगळं ठीक निघालं. जाता जाता त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"पट्टी कुठे आहे?"

"डॉक्टरांनी काढायला सांगितलं."

"डॉक्टर वैद्यकीय बाजू बघतात. गणवेश मी बघते. पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज शिवून घे."

डॉक्टर टेबलामागून म्हणाले, "मॅडम, कोपरापर्यंत हात धुवायचे तर बाह्या कशा चालतील?"

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. आठवड्याभरात कागद आला. सदर परिचारिकेने हातावरील गोंदण उघडे ठेवून गणवेशाचा नियम मोडला आहे, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

खुलासा म्हणजे आमच्या कारकुनाचा प्रांत. हा माणूस एरवी दिवसभर पान चघळत खिडकीबाहेर बघायचा, पण लेखी खुलासा म्हटलं की त्याच्या अंगात यायचं. त्याने कपाटातून माझं सेवापुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं, आणि पान थुंकून यायला बाहेर गेला. परत आल्यावर म्हणाला, "सिस्टर, ओळखीची खूण वाचा."

पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, उंची, आणि त्याखाली: ओळखीची खूण, डाव्या हातावर गोंदलेला विंचू. खाली शिक्का, आणि खरी प्रत म्हणून सही. सही मेट्रनबाईंची. मुलाखतीच्या दिवशी खिडकीपाशी हात नेऊन त्यांनी वहीत जे लिहिलं होतं, तेच पुढे कागदोपत्री चढत चढत इथपर्यंत आलं होतं.

कारकुनाने असा खुलासा लिहिला: "सदर विंचू ही सदर कर्मचाऱ्याची आपल्याच सहीने नोंदविलेली शासकीय ओळख असून, तो झाकला गेल्यास कर्मचाऱ्याची ओळख पटविण्यास अडचण निर्माण होईल. तरी विंचू उघडा ठेवण्यास मान्यता असावी." मी म्हणाले, शेवटचं वाक्य गाळा. तो म्हणाला, तेच तर मुख्य आहे. डॉक्टरांनी सही केली.

दोन महिने काही आलं नाही. मी मात्र त्या दोन महिन्यांत रोज टपालाची वाट बघून घाबरायची. नोकरी गेली असती तर बाबांना काय सांगणार होते, की विंचवाने खाल्ली? शेवटी एक ओळ आली: खुलासा दप्तरी दाखल करण्यात आला आहे. पुढच्या तपासणीला मेट्रनबाई स्वतः आल्या. रजिस्टर चाळता चाळता, मान वर न करता म्हणाल्या, "साबण नीट लावत जा."

"हो बाई," मी म्हणाले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. निवृत्तीच्या आधी त्यांनी माझ्या बढतीचा कागद पाठवला, तो चांगल्या शब्दांत होता.

बढती मिळून मी मोहोपाड्याच्या बाजूला आले, कारखान्यांच्या वसाहती नुकत्या भरत होत्या तेव्हा. हाताखाली दोन नवीन मुली. त्यातली एक फार हुशार, पण मनगटावर यंत्राने गोंदलेलं इंग्रजी बी अक्षर. कॉलेजात असताना जत्रेत काढून घेतलेलं. ज्या मुलासाठी काढलं तो दुबईला गेला, आणि आता घरच्यांनी दुसरं स्थळ आणलं होतं. या नव्या मुलाच्या नावात बी लागेल असं काहीच नव्हतं. रविवारी मुलाकडची माणसं बघायला यायची होती, आणि शनिवारी ही औषधाच्या खोलीत बसून ॲसिडने हात जाळायचा विचार करत होती.

मी तिच्या हातातून बाटली काढून घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. "रडून झालं का?" मी विचारलं.

"काय सांगू मी त्यांना?"

"तू नर्स आहेस ना? सांग, रक्तगट आहे. कामात अपघात झाला तर लगेच रक्त देता यावं म्हणून आम्हाला गोंदवावा लागतो."

तिने माझा हात बघितला. "आणि तुमच्या हातावर का नाही?"

"माझ्या वेळी विंचू चालायचा."

तिने तेच सांगितलं. होणाऱ्या सासूबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी मुलाला विचारलं, तुझा रक्तगट कोणता, तुला माहीत तरी आहे का? लग्न ठरलं. मी लग्नाला गेले, तेव्हा सासूबाई मांडवात पाहुण्याला धरून धरून सुनेचं मनगट दाखवत होत्या, सरकार नर्सची किती काळजी घेतं ते सांगत होत्या. पुढच्या आठवड्यात वसाहतीतले दोन कामगार दवाखान्यात आले आणि आम्हालाही रक्तगट गोंदवून द्या म्हणाले. त्यांना मी परत पाठवलं. मुलीचा खरा गट ओ होता. ते रक्त तपासणाऱ्याला आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघांनीही ते कुठे लिहून ठेवलं नाही.